गव्हाच्या मोबदल्यात गडकरी

साठच्या दशकातल्या रेशनच्या अमेरिकन गव्हाबद्दल आमच्याकडची वडीलधारी मंडळी अजून नाक मुरडतात. पोळ्या वातड व्हायच्या म्हणे. शिकागो विद्यापीठातला मराठी पुस्तकांचा संग्रह मात्र त्याच गव्हावर चांगला बाळसं धरून वाढला.

हकिगत अशी. १९५४ च्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्याखाली अमेरिका आपल्याला धान्य देई आणि दाम रुपयांत घेई. आता ते रुपये अमेरिकेत नेऊन करायचे काय? तेव्हा त्यातल्या काही रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९६२ पासून इथली पुस्तकं घ्यायला सुरुवात केली. कथा-कादंबऱ्या, मासिकं, सरकारी अहवाल, सगळं पेट्यांत भरून तिकडच्या विद्यापीठांकडे रवाना.

पेट्या फोडायला हमाल पुरतो. पुस्तकं लावायला मात्र दक्षिण आशिया कोळून प्यालेला ग्रंथपाल लागतो. शिकागोत हे काम मॉरीन पॅटर्सन या बाईंनी पाहिलं. त्यांचा स्वतःचा अभ्यास चित्पावनांवरचा, त्यामुळे आडनावांची धास्ती नसावी. पण आमचे लेखक एका नावावर थांबतील तर शपथ! राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिणार, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोद ‘बाळकराम’ होऊन. हे तिघे एकच, आणि कुसुमाग्रज हे गोविंदाग्रजांचे कोणी लागत नाहीत, हे सूची करणाऱ्याला माहीत हवं. शिवाय रोमन लिपीत शेवटचा ‘अ’सुद्धा लिहायचा असा तिथला नियम. त्यामुळे सूची वाचताना शिरवाडकर होतात ‘शिरवाडकरा’ आणि करंदीकर ‘करंदीकरा’. परसातून कोणी हाक मारतंय असंच वाटतं.

तिथलं मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांचं रेगनस्टाईन ग्रंथालय १९७० मध्ये उघडलं. पण नुसत्या इमारतीनं पुस्तक सापडत नाही. संगणक म्हणाल, तर तो आपण टंकलेलं तेवढंच शोधतो. विषयाचा ग्रंथपाल आपल्याला काय विचारायचं होतं तेही शोधून देतो. अशा माणसाचा पगार हा खर्च आहे असं ज्या विद्यापीठाला वाटतं, त्यानं पुस्तकं तरी कशाला घ्यावीत?

आपल्याकडे दिवाळीची साफसफाई निघाली की जुने अंक आधी तराजूत जातात. यंदा ते एकदा जवळच्या ग्रंथपालाला दाखवा. नको म्हणाला, तर रद्दीवाला कुठे पळून जातोय!