शेकोटीवरचं गोड : सातारा-सांगली विभागासाठी मार्गदर्शक सूचना

डिसेंबर उजाडला की ‘यंदा रानात शेकोटी करायचीच’ असं ठरवणाऱ्या आणि खरोखरच रानापर्यंत पोचणाऱ्या, दहा-पंधरा जणांच्या सर्व गटांना प्रस्तुत सूचना लागू राहतील. नुसतं ठरवणाऱ्या गटांची संख्या फार मोठी असल्यानं त्यांच्यासाठी वेगळं परिपत्रक काढावं लागेल.

मटण कोणी आणायचं, मसाला कोणाच्या आईचा, भाकरी किती, याचा खल आठ दिवस आधीपासून चालतो. गोडाचा विषय मात्र रात्री साडेदहाला निघतो. हात धुऊन झालेले असतात, गार वारं सुटलेलं असतं आणि कोणीतरी विचारतं, “गोड काय हाय का रं?” मग गाडीत शोधाशोध होऊन खोकल्याची एक गोळी निघते. या प्रसंगास प्रतिबंध करणं एवढाच या सूचनांचा हेतू आहे.

प्रथम एका प्रस्तावाचा निकाल लावू. प्रत्येक गटातला एकजण पुण्यात नोकरीला असतो आणि तो मार्शमेलोचं पाकीट घेऊन येतो. काडीला टोचायचं, जाळावर धरायचं, फुगलं की खायचं, असं त्यानं रीलमध्ये पाहिलेलं असतं. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. तिथल्या गर्ल स्काउटांच्या १९२७ सालच्या पुस्तकात दोन बिस्किटांच्या मधे चॉकलेट आणि भाजलेला मार्शमेलो घालायची कृती छापून आलेली आहे. तिकडं ते ठीक. इकडं पाकीट फिरायला लागलं की मागची बारीक अक्षरं मोबाईलच्या उजेडात वाचली जातात, त्यात जिलेटिन सापडतं, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात हे गटातला बीएस्सी सांगतो, आणि आत्ताच मटणाच्या तीन वाट्या रिचवलेला गडी “आपल्याला नाय चालत” म्हणून पाकीट पुढं सरकवतो. प्रस्ताव फेटाळण्यात येत आहे.

सातारकर मंडळी कंदी पेढ्यांचा बॉक्स आणतात, तो स्वीकारावा. खवा चांगला खरपूस भाजलेला आणि साखर बेताची, त्यामुळं हा पेढा प्रवासात टिकतो, गाडीच्या मागच्या काचेपाशी पडून राहिला तरी तक्रार करत नाही. पण त्याला शेकोटीवरचं गोड म्हणता येणार नाही, कारण तो शेकोटी पेटायच्या आत संपतो. त्याची नोंद ‘अंतरिम मदत’ या सदराखाली करावी.

विभागाचं अधिकृत गोड म्हणून रताळ्याची शिफारस करण्यात येत आहे. फुफाट्यात भाजलेलं रताळं, पोटात गूळ, दाण्याचा कूट, बेदाणे आणि तूप. भांडं लागत नाही, ताट लागत नाही, सांडत नाही, पिशवीत चेंगरत नाही. उपासालाही चालतं, अर्थात ज्याला उपास आहे तो मटणाच्या पार्टीला काय करतोय, हा प्रश्न या परिपत्रकाच्या कक्षेबाहेरचा आहे.

साहित्य गोळा करताना इतिहास आडवा येतो. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. म्हणजे अकरा वर्षं सांगलीकर कागदोपत्री सातारकरच होते. हा मुद्दा सातारकरानं शेकोटीपाशी काढू नये. काढल्यास “आमचं पटवर्धनांचं संस्थान हुतं, तुमचा संबंधच काय?” असं उत्तर येतं आणि रताळी करपतात. त्यापेक्षा कामाची वाटणी करावी. गूळ सातारकराकडं, कारण कराडची पेठ त्याच्या हद्दीत. बेदाणे सांगलीकराकडं, कारण तासगाव त्याचं.

गूळ घेताना पिवळ्याधमक ढेपेला भुलू नये. तो रंग बहुधा हायड्रॉस पावडरीची कृपा असते. गुऱ्हाळावर काहिलीतला रस भेंडीच्या पाण्यानं निवळून केलेला गूळ काळपट-तांबूस दिसतो, लग्नाच्या पंगतीत मिरवण्यासारखा नसतो, पण अंधारात खायच्या पदार्थाला रंग कशाला हवा? तो घरूनच किसून आणावा. किसायचा कंटाळा करून अख्खी भेली आणणारे लोक रात्री अकरा वाजता ती दगडावर आपटतात. एक तुकडा रताळ्याला मिळतो, बाकीचे शाळूत जातात.

बेदाण्याची गोष्ट वेगळी. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढायची, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची आणि पंधरवडाभर सावलीत वाळवायची, तेव्हा कुठं तो हिरवट सोनेरी रंग येतो. साधारण चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा. एवढ्या मेहनतीच्या मालाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण सांगलीकराच्या खिशात त्याला संरक्षण नाही. पाव किलो घेऊन निघालेला सांगलीकर रानात पोचतो तेव्हा पुडीत मूठभर उरलेले असतात आणि तो म्हणतो, “वाटंत जरा टेस्ट बघितली.” म्हणून बेदाणे सांगलीकरानं विकत घ्यावेत आणि लगेच सातारकराच्या ताब्यात द्यावेत. गुळाच्या बाबतीत उलट करावं.

बारा जणांना पंधरा मध्यम रताळी पुरतात. बेळगावकडची लालसर सालीची मिळाली तर उत्तम. फार जाडी घेऊ नयेत. ती बाहेरून कोळसा होतात आणि आतून कच्ची राहतात. अर्धा किलो गूळ, पाव किलो भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट, एक वाटी तूप, सुंठ-वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ. मीठ का, असं विचारणाऱ्याला तूप आणायचं काम देऊ नये.

आता जागा. कासच्या पठारावर, कोयनेच्या किंवा चांदोलीच्या जंगलात शेकोटीचा विचारही मनात आणू नये. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे; कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं रात्री काडी ओढली तर वनखातं गोड करून घालत नाही. डोंगरावरचं वाळलं गवत एका ठिणगीत पेटतं आणि वणवा विझवायला त्याच डोंगराखालच्या गावची माणसं ओल्या फांद्या घेऊन पळतात. तेव्हा डोंगर सोडावा आणि कोणाच्या तरी रानात जावं. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात थंडीत शाळू हुरड्यावर असतो, त्यामुळं शेकोटीला निमित्तही मिळतं. कडेगाव-वाळव्याकडं मात्र कडेला ऊस उभा आहे का, ते आधी बघावं. जळिताच्या उसाला कारखाना कपात लावतो आणि ती रक्कम तुमच्या गोडाच्या बजेटात बसत नाही.

परवानगी रानमालकाची घेऊ नये, त्याच्या आईची घ्यावी. मालक “या की, आपलंच रान हाय” म्हणतो. आई जागा दाखवते, विहिरीचं झाकण कुठं ते सांगते, कुत्रं बांधते आणि शेणी मोजून देते.

शेणी हा या कृतीचा पाया आहे. पुण्याचा गडी पिशवीतून कोळसा आणील, तो परत पाठवावा. खाली दोन-तीन बाभळीची लाकडं, वर शेणी उभ्या रचलेल्या. पेटवून तासभर काहीही करू नये. हाच भाग गटाला जमत नाही. दहा मिनिटांत कोणीतरी उठतो, बांधावरून कवळाभर पाचट आणतो आणि वर टाकतो. जाळ डोक्याच्या वर जातो, सगळे मागं सरकतात, फोटो निघतात, स्टेटस पडतं. पाच मिनिटांनी पाचटाची राख हवेत तरंगत असते आणि निखारा काडीएवढाही वाढलेला नसतो. पाचटवाल्याला दूर पाण्याच्या टाकीपाशी काहीतरी महत्त्वाचं काम सोपवावं.

जाळावर रताळं का ठेवायचं नाही, याला शास्त्रीय कारण आहे. रताळ्यात पिष्ट भरपूर, आणि त्या पिष्टाची साखर करणारं विकरही त्यातच असतं. साधारण साठ ते पंचाहत्तर अंश उष्णतेला ते जोरात काम करतं, त्याहून जास्त तापलं की मरतं. जाळावर टाकलेलं रताळं ही पायरी पटकन ओलांडतं आणि शिजतं, पण पिठूळ लागतं. फुफाट्यात पुरलेलं रताळं हळूहळू तापतं, त्या पायरीवर बराच वेळ रेंगाळतं आणि आपलं आपण गोड होत जातं. माणसाला आगीतून फुफाट्यात जाणं वाईट. रताळ्याचं मात्र तिथंच कल्याण होतं.

निखारे पांढुरके झाले की काठीनं बाजूला सारून खड्डा करावा. रताळ्याची माती पुसावी, धुऊ नये, सोलू तर अजिबात नये. आडवी लावून वर गरम राख, त्यावर थोडे निखारे. पाऊण तास. अर्ध्या वेळानं एकदा पालथी करावीत. उकरण्याचा अधिकार एकाच माणसाला द्यावा आणि तो शक्यतो कमी बोलणारा असावा. बाकीच्यांना काठ्या दिल्या तर प्रत्येकजण आपापलं रताळं ओळखून ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी त्याची विचारपूस करतो.

झालं की नाही, हे बाभळीच्या काट्यानं कळतं. काटा लोण्यात गेल्यासारखा गेला आणि सालीवर काळपट पाकाचे थेंब फुटून चिकटलेले दिसले, की काढावं. राख झटकून उभा छेद द्यावा, तळाची साल शाबूत ठेवून. वाफ डोळ्यांत जाते. वाकून बघणाऱ्याचा चष्मा जातो. चमच्यानं आतला गर जागच्या जागी मोडावा, त्यात कूट आणि गूळ मिसळावा, बेदाणे खुपसावेत, वरून तुपाची धार धरावी आणि पुन्हा निखाऱ्याच्या कडेला दोन-तीन मिनिटं टेकवावं. तूप कडेनं बुडबुडायला लागतं, बेदाणा टम्म फुगतो, गूळ वितळून गरात उतरतो. त्याक्षणी उचलावं. गूळ जळला की कडू होतो आणि तो कडूपणा तुपानं झाकत नाही.

या टप्प्यावर प्रतिसरकार स्थापन होण्याची शक्यता गृहीत धरावी. ज्या मुलखात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून स्वतःचा कारभार चालवला, तिथली माणसं एका रताळेप्रमुखाचा हुकूम निमूट मानतील ही अपेक्षाच चुकीची. शेकोटीच्या पलीकडच्या बाजूला दोघंजण उरलेल्या भाकरीचा परातीत चुरा करत असतात. गूळ तुमचाच, तूप तुमचंच. तो मलिदा असतो. त्यांना अडवू नये. खरं सांगायचं तर मलिदाही दहा मिनिटांत होतो, मुठीत मावतो आणि त्याला विकर-बिकर काही लागत नाही. पण शिफारस एकदा केली की मागं घेता येत नाही.

गटात मधुमेहाचा एक सभासद असतोच. तो म्हणतो, “साखर नव्हं, गूळ हाय, चालतंय.” गुळातही मुख्यतः साखरच असते, हे त्याला माहीत असतं, त्याच्या डॉक्टरांना माहीत असतं आणि त्याच्या बायकोला सगळ्यांत जास्त माहीत असतं. त्याला बिनगुळाचं रताळं द्यावं, तेही अर्धंच, आणि फोटोत त्याचा हात येणार नाही याची काळजी घ्यावी.

पहिलं भरलेलं रताळं रानमालकाच्या आईला नेऊन द्यावं. ती ते पदरात धरून उलटं-सुलटं करील, एक घास खाईल आणि म्हणेल, “चुलीत चार घातली असती की रं मी. एवढी दहाजणं कशाला लागली?” यावर युक्तिवाद करू नये. “व्हय आज्जी” म्हणावं आणि उरलेलं तूप तिथंच ठेवून यावं.

निघताना विस्तवावर दोन घागरी पाणी ओतावं, काठीनं ढवळावं, परत ओतावं. वरून विझलेल्या शेणी आत तास-दोन तास धुमसत राहतात आणि पहाटेचं वारं सुटलं की ठिणगी कडब्याच्या गंजीकडं जायला वेळ लागत नाही. राख उकरताना विसरलेली एक-दोन रताळी सापडतात. ती ज्याला सापडली त्याची. यावर अपील नाही.

हिशोब गाडी सुरू होण्याआधी करावा. मटणाचे, भाकरीचे, पेट्रोलचे पैसे चुकते होतात, रताळ्याचे कोणी मागत नाही, कारण ते विचारण्याइतके होतच नाहीत. मात्र “पुढच्या वर्षी कधी?” हा विषय निघाला की तारीख तिथल्या तिथं ठरवून घ्यावी. ग्रुपवर टाकल्यास चर्चा फेब्रुवारीअखेरपर्यंत चालते, सगळ्यांना सोयीची तारीख मार्चमधली निघते, आणि तोवर शाळू काढून कडबा रचून झालेला असतो.