कोल्ड कॉल करणाऱ्या सरांना अनावृत पत्र

प्राध्यापक महोदयांस,


करारकायद्याच्या तासाला मंगळवारी आपण माझा जो जाहीर सन्मान केलात, त्याबद्दल आभार. ऐंशी डोकी बसलेली असताना हात वर न केलेल्या माझंच नाव आपण पुकारलंत. इथे अमेरिकेत याला कोल्ड कॉल म्हणतात. आमच्या पुण्यात असा पुकारा कोर्टातला पट्टेवाला करतो, आणि त्याची निदान तारीख तरी आधी मिळते.

खटला हॅडले विरुद्ध बॅक्सेंडेल, १८५४. ग्लॉस्टरच्या पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला, नव्यासाठी नमुना म्हणून तो ग्रिनिचला निघाला, वाहतूकदाराने उशीर केला, गिरणी बंद राहिली. बुडालेला नफा कोणी भरायचा? अहो, हे मला झोपेतही येतं! आमच्या १८७२ च्या करार कायद्यात कलम ७३ खाली अशीच एक गिरणी उदाहरणादाखल दिली आहे. ती बंद असल्याचं वाहतूकदाराला सांगितलेलं, म्हणून सरासरी नफा मिळेल. हुकलेल्या सरकारी कंत्राटाचं नुकसान मात्र मिळणार नाही. मी कलमासकट ठणकावून सांगितलं.

“कायदा विचारलाच नाही मी. वाहतूकदाराच्या कारकुनाला गिरणी बंद असल्याचं सांगितलं होतं का?”

“हो.” सुरुवातीच्या हकिकतीत तसं छापलंय.

“मग न्यायमूर्ती आल्डरसन तसं का धरत नाहीत?”

पानं उलटली. खरंच की! त्यांच्या मते कारकुनाला एवढंच कळलं, की हा गिरणीचा मोडका दांडा आणि पाठवणारे गिरणीवाले. म्हटलं, “मग नाही.”

“आत्ताच तर हो म्हणालात.”

वर्ग खो खो हसला. दोन्ही पानं छापली इंग्रजांनी, वाचायला नेमलीत आपण, आणि तोंडघशी पडलो मी.

बरं, खरं काय ते तरी सांगाल? छे! घड्याळ पाहिलंत आणि निघालात. उत्तर न देता प्रश्नच विचारत राहायची ही पद्धत लँगडेलसाहेबांनी १८७० च्या दशकात हार्वर्डला रुजवली, हे मात्र आवर्जून ऐकवलंत. लॅपटॉपबंदी, विटेएवढं केसबुक, सगळे गुण शेवटच्या एकाच परीक्षेवर, तेही कर्व्हने, म्हणजे वर्गातल्या इतरांशी तुलना करून. या गोष्टी मी सोडून देतो. पण सर, या तासासाठी बाबांनी कर्ज काढलंय. एका तरी प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला काय घ्याल?

आणि तरी मनासारखं चिडता येत नाही. आपल्या टेबलावरचा फोटोंचा तक्ता मी पाहिलाय. प्रत्येक नावाखाली पेन्सिलीने उच्चार लिहिलेले. माझं अख्खं आडनाव तुम्ही न अडखळता घेतलंत. पुण्यात पाच वर्षं ज्यांनी नोट्स सांगितल्या, त्यांना माझा रोल नंबरही ठाऊक नव्हता. मला कधी कोणी काही विचारलंच नाही. आणि तुम्ही? दरवर्षी तोच दांडा, तोच कारकून, समोर ऐंशी खाली घातलेल्या माना. कंटाळा नाही येत हो?

तेव्हा गुरुवारी मला उठवायचं तर खुशाल उठवा. पण मागच्या रांगेत खिडकीपाशी जो सगळ्यात मोठ्यांदा हसला, त्याने केस वाचलीच नव्हती. आधी त्याला.

आपला (तूर्त) आज्ञाधारक,
एलएलएमचा एक विद्यार्थी