यथावकाशराव

आमच्या सॉलिसिटरचं खरं नाव मी सांगणार नाही. एक तर ते बरं दिसत नाही. शिवाय हा लेख त्यांच्या हाती पडला तर ते त्यावर एकोणीस शंका काढतील आणि उत्तरासाठी दुसऱ्या बाजूच्या सॉलिसिटरकडे पाठवून देतील. घरात आम्ही त्यांना यथावकाशराव म्हणतो. बारसं बाबांनी केलं.

बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयात ३२ वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले. इंग्लंडातला आमचा फ्लॅट विकून तीन बेडरूमचं, एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक आणि मागे हातरुमालाएवढी बाग असलेलं घर घ्यायचं ठरलं, तेव्हा रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी पहिलंच विचारलं, "इसार किती दिलास?"

"अजून काही नाही."

"साठेखत?"

"नाही."

"मग ठरलं म्हणतोस ते कशाच्या जोरावर?"

एजंटचा फोन आला होता, घर विकणाऱ्यांनी आमची ऑफर मान्य केली, असं मी सांगितलं. बाबांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर लोकांचे अंगठे उमटवून घेतलेल्या माणसाला एवढंच करता येण्यासारखं होतं.

त्यांचं चुकत नव्हतं. इंग्लंड-वेल्समध्ये दोन्हीकडच्या सह्या झालेल्या करारांची अदलाबदल, म्हणजे 'एक्स्चेंज', होईपर्यंत कुणी कुणाला बांधील नसतं. घराच्या किमतीच्या सहसा दहा टक्के रक्कम द्यायची तीही तेव्हाच. तोवर सगळं 'सब्जेक्ट टू काँट्रॅक्ट'. विकणारा आदल्या संध्याकाळी पाच हजार पौंड जास्त देणाऱ्याचा हात धरू शकतो. याला गझम्पिंग म्हणतात. शब्द ऐकतानाच पाठीत धपाटा बसल्यासारखं वाटतं. घेणाराही शिट्टी वाजवत निघून जाऊ शकतो. तोंडी होकार आणि एक्स्चेंज यांच्यामधल्या या मुलखावर यथावकाशरावांचं राज्य चालतं.

दोन आठवडे गप्प बसून मी त्यांना मेल लिहिला : कागद कुठवर आले? पाचव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं. आम्ही तुम्हाला 'इन ड्यू कोर्स' कळवू. बाबांना अर्थ सांगताना मी चाचपडलो. म्हणजे असं की, योग्य वेळ आली की, रीतीप्रमाणे…

"यथावकाश," बाबा म्हणाले. "अरे, ३२ वर्षं हेच लिहिलं मी. 'यथावकाश कळविण्यात येईल.' याचा अर्थ फाईल सापडत नाहीये."

यथावकाशरावांना आम्ही कधी पाहिलं नाही. हल्ली इथं बहुतेक कुणी आपल्या सॉलिसिटरला पाहत नाही. त्यांच्या पेढीच्या वेबसाइटवर निळ्या टायमधला एक फोटो आहे, तो कोणत्या दशकातला हे टायच्या रुंदीवरून ओळखायचं. आवाज मात्र चार महिन्यांत तीनदा ऐकला. मऊ, सावकाश, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलणाऱ्या डॉक्टरसारखा. ते कधी चिडत नाहीत, कधी वाद घालत नाहीत. "तुमची अस्वस्थता मी समजू शकतो," म्हणतात, आणि मग इतका वेळ थांबतात की आपणच शरमून विषय बदलतो. पुण्यात रिक्षावाल्याकडून दोन रुपये सुट्टे वसूल केल्याशिवाय न उतरणारी आमची ही एकदा त्यांना चांगलं खडसवायचं ठरवून फोनवर बसली. सात मिनिटांनी "थँक यू सो मच" म्हणून फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आपण कशाबद्दल आभार मानले रे?"

त्यांना गाठायचा दिवस सापडणं हीच एक विद्या आहे. शुक्रवारी ते भेटत नाहीत, कारण घरांचे ताबे लोक शुक्रवारीच घेतात. सोमवारी शनिवार-रविवारचे मेल साचलेले असतात. बुधवारी ते घरून काम करतात आणि फाईल ऑफिसात असते. उरले मंगळवार आणि गुरुवार. मंगळवारी त्यांची सहायक फोन घेते आणि सांगते की ते फोनवर आहेत. कुणाच्या फोनवर असतात हा प्रश्न मला अजून छळतो, कारण त्यांनी आपल्याला फोन केला असं सांगणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

फोनवर सापडलेच तर त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "दुसऱ्या बाजूकडून अजून काही आलेलं नाही." दुसरी बाजू म्हणजे समोरच्या पार्टीचे सॉलिसिटर. पण हे वाक्य ते अशा सुरात उच्चारतात की अंधाऱ्या खोलीत प्लँचेटला बसल्यासारखं वाटतं. वाटी हलली तर हलली, आपण फक्त बोट ठेवून राहायचं.

मात्र शंका काढायला बसले की याच माणसाची कळा बदलते. घरविक्याने भरलेले फॉर्म त्यांच्यापुढे येतात. त्यात शेजाऱ्याशी भांडण आहे का इथपासून आवारात 'जॅपनीज नॉटवीड' नावाचं तण आहे का इथपर्यंत सगळं विचारलेलं असतं. घरात काय ठेवणार आणि काय नेणार याचा फॉर्म वेगळा. छताचा दिवा काढून नेलात तर होल्डर आणि बल्ब तरी लावून जा, इतक्या बारकाव्यात तो शिरतो. या फॉर्मांतून यथावकाशरावांनी ३१ शंका काढल्या. अकरावी शंका अशी : स्वयंपाकघराची खिडकी बदललेली दिसते, तिचं प्रमाणपत्र कुठे आहे? १ एप्रिल २००२ नंतर बदललेल्या खिडकीला इथं तसा कागद लागतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सावरून बसले. "जातीचा दाखला ऐकला, उत्पन्नाचा ऐकला, मेल्याचा तर रोजचाच. खिडकीचा दाखला?" त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, हेवा होता.

दुसरी बाजू म्हणाली, कागद सापडत नाही. यावर पंचवीस दिवस पत्रव्यवहार झाला. शेवटी खिडकीचा विमा उतरवला गेला. उद्या काउन्सिलने हरकत घेतली तर भरपाई मिळावी म्हणून. खिडकी होती तिथंच राहिली. तिच्यातून गार वारा येतो, त्यावर मात्र कुणीच शंका काढली नव्हती.

पण बाबा आणि यथावकाशराव यांचं गोत्र खऱ्या अर्थाने जुळलं ते चर्चवरून. इथं काही जुन्या जमिनींवर गावच्या चर्चचा 'चान्सेल', म्हणजे वेदीकडचा भाग, दुरुस्त करून द्यायचा मध्ययुगीन बोजा असतो. गंमत वाटेल, पण २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने वॉरिकशरमधल्या एका शेतमालक दांपत्याविरुद्ध निकाल दिला, आणि दुरुस्तीचं सुमारे ९५ हजार पौंडांचं मागणं त्यांच्या गळ्यात आलं. ऑक्टोबर २०१३ नंतर असा बोजा नोंदीत नसेल तर नव्या खरेदीदाराला सहसा धरत नाहीत. तरी आमच्या यथावकाशरावांनी तो शोध मागवलाच. मी वैतागून हे बाबांना सांगितलं.

"म्हणजे देवस्थान इनाम!" बाबा उजळले. "बघू दे त्यांना. सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क' न वाचता जमीन घेतलेले कितीजण आमच्या बाकावर डोकं धरून बसलेले पाहिलेत मी. माणूस हुशार आहे तुझा."

तेव्हापासून बाबा त्यांच्या बाजूचे झाले.

खरं सांगायचं तर बाबांनी मला जे शिकवलं ते एजंटने कधी सांगितलं नाही. यथावकाशराव एका खरेदीचे ठरीव पैसे घेतात, घर सहा आठवड्यांत होवो वा सहा महिन्यांत. घाईबद्दल कुणी त्यांना जास्त देत नाही, चुकीबद्दल मात्र पुढची कित्येक वर्षं धरतील. शिवाय आपण ज्यांना आपले समजतो ते बहुधा कर्ज देणाऱ्या बँकेचेही सॉलिसिटर असतात, आणि बँकेला आपल्या पडद्यांच्या मापात रस नसतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही खिडकी सोडली नसती. त्यांच्यावरचा राग यामुळे कमी झाला असं नाही, नुसता कुठे ठेवावा हे कळेनासं झालं.

त्यात आमची साखळी पाच पार्ट्यांची. सगळ्यात खाली आमचा फ्लॅट घेणारी मुलगी, तिचं आयुष्यातलं पहिलं घर. मग आम्ही. आमच्यावर निवृत्त जोडपं, त्यांच्यावर आणखी दोघं. गावजेवणातल्या पंगतीसारखा प्रकार : शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, आणि वाढपी पाच, प्रत्येकाची वाट निराळी. कुठल्या तरी पानावर मीठ यायचं राहिलेलं असतंच.

तिसऱ्या महिन्यात आमचा फ्लॅट विकणाऱ्या एजंटचा फोन आला. आवाज रडवेला होता. त्या मुलीच्या कर्जाच्या मंजुरीची मुदत संपत आली होती. तिचे सॉलिसिटर रोज सांगत होते, दुसऱ्या बाजूकडून लीजहोल्डचा, म्हणजे फ्लॅटच्या भाडेपट्ट्याचा, फॉर्म अजून आलेला नाही. मी तावातावाने यथावकाशरावांना मेल लिहिला. या वेळी उत्तर अकरा मिनिटांत आलं, सोबत त्यांचं नऊ दिवसांपूर्वीचं पत्र जोडून. फॉर्म तुमच्याकडे सहीसाठी पाठवला आहे, सवडीने परत करावा.

तो स्वयंपाकघरातल्या खणात होता, पिझ्झाच्या जाहिरातीखाली.

"सापडली ना फाईल?" बाबांनी विचारलं. बाकी काही बोलले नाहीत.

एक्स्चेंज झालं तो गुरुवार. पाच पार्ट्यांचे सॉलिसिटर एकमेकांना फोन करत वर वर गेले. साखळी असली की यासाठी लॉ सोसायटीने बांधून दिलेला 'फॉर्म्युला सी' नावाचा मंत्र वापरतात. वरच्या टोकाला पोचल्यावर होकार खाली घरंगळत आला. चार वाजून वीस मिनिटांनी यथावकाशरावांनी स्वतः फोन केला. आयुष्यात पहिल्यांदाच. "अभिनंदन, एक्स्चेंज झालं," म्हणाले, आणि मी उत्तर देण्याआधी ठेवूनही दिला. पंगतीत हर हर महादेव झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी सामानाची गाडी नव्या घरासमोर सकाळी अकरापासून उभी. पैसे एका बँकेतून दुसरीकडे पोचल्याशिवाय एजंट किल्ली सोडत नाही. आमची ही फुटपाथवर कुकरच्या खोक्यावर बसून राहिली. किल्ली पावणेतीनला मिळाली. यथावकाशरावांचं बिल आठवडाभर आधीच आलं होतं, पेन्सपर्यंत बिनचूक.

बाबांनी त्या रात्री फोनवर विचारलं, "नोंद झाली का?" आता दर रविवारी विचारतात. इथं लँड रजिस्ट्रीचा मालकीचा उतारा सात पौंड भरून कुणालाही पाहता येतो. आपल्याकडे डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, हे बाबा दर वेळी ऐकवतात. परवा मी सात पौंड भरून पाहिला. ताबा मिळून पाच महिने झाले, मालक म्हणून नाव जुन्या जोडप्याचंच आहे. आमच्या अर्जात रजिस्ट्रीने एक शंका काढली आहे आणि तिचं उत्तर यथावकाशरावांनी द्यायचं आहे.