हद्दीबाहेरच्या आगीची पावती मिळाली

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपरिषद (कोणती, ते पावतीवरचा शिक्का पाहून आपण ओळखालच)

विषय : आपल्या हद्दीबाहेर पेट घेतल्याबद्दल दिलगिरी.

महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या अण्णांचा गोठा पेटला. आपली हद्द ओढ्यावरच्या पुलाशी संपते आणि गोठा पुलापासून हाकेच्या अंतरावर, पण आमच्या बाजूला. चूक गोठ्याचीच. बांधतानाच आपल्याला विचारायला हवं होतं.

फोन उचलणाऱ्या आपल्या माणसाचं मात्र कौतुक केलं पाहिजे. काय पेटलंय, जनावरं आत आहेत का, वारा कुठला आहे, असल्या फालतू चौकशा त्याने केल्या नाहीत. थेट विचारलं, “हद्दीत आहे का?” नाही म्हटल्यावर, “मग चार्ज कोण भरणार?” सरपंच लग्नाला गेलेले, ग्रामसेवकांचा फोन बंद. शेवटी अण्णांच्या थोरल्याने एका हाताने कडब्याच्या पेंढ्या ओढत, दुसऱ्या हातातल्या फोनवर “मी भरतो साहेब, पण या” असं कबूल केलं, तेव्हा कुठे बंब हलला.

बंब आला, टाकी रिकामी झाली, मग अण्णांच्याच विहिरीत पाइप सोडून पाणी ओढलं. तोवर गोठा खाली बसला होता. आता पावती आली आहे. गाडीचं जाणं-येणं, पंप चालल्याचे तास आणि त्याखाली ‘पाणी’ असा वेगळा रकाना. साहेब, स्वतःच्या विहिरीच्या पाण्याचे पैसे भरून स्वतःची राख भिजवून घेणारा शेतकरी आपल्याला आणखी कुठे भेटणार?

एक शंका आहे. आपल्या शहराचा कचरा डेपो आमच्या गायरानात आहे. दर उन्हाळ्यात तो पेटतो. तेव्हा आपला बंब सायरन वाजवत, कोणालाही फोन न करता, आमच्या त्याच पुलावरून येतो आणि दिवसदिवस पाणी मारतो. त्याची पावती कोणाच्या नावे फाटते? की कचऱ्याला हद्द लागू नाही, फक्त म्हशीला आहे? शहराने खाऊन टाकलेलं आमच्या दारात जळतं, तो धूर आमची पोरं गिळतात, आणि आमची म्हैस जळायला लागली की आम्ही परके! दाव्याला बांधलेली होती हो ती. दावं कापायला गेलेल्या अण्णांचे दोन्ही हात अजून फडक्यात आहेत.

असो. कायदा आपल्या बाजूने आहे, हे मान्य. 1992 साली घटनादुरुस्त्या झाल्या तेव्हा बाराव्या अनुसूचीत शहरांना 18 विषय मिळाले, त्यात अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. पंचायतींना अकराव्या अनुसूचीत चांगले 29 विषय मिळाले : मत्स्यव्यवसाय, खादी, ग्रंथालयं, बाजार आणि जत्रा. आग नाही. म्हणजे जत्रा आमची, जत्रेत लागलेली आग कोणाचीच नाही. आपल्या घरपट्टीच्या बिलात अग्निशमन कराची ओळ असते. आमच्या पट्टीत दिवाबत्ती आहे, आरोग्य आहे. आगीसाठी द्यायचं म्हटलं तरी घ्यायला कोणी नाही.

अमेरिकेत टेनेसी राज्यात साउथ फुल्टन नावाचं छोटं शहर आहे. त्याचा बंब हद्दीबाहेर ओबायन काउंटीत जायचा, पण वर्षाला 75 डॉलर वर्गणी भरणाऱ्यांकडेच. 2010 मध्ये वर्गणी राहून गेलेल्या एका कुटुंबाचं घर पेटलं. जागेवर पैसे देतो म्हणून त्यांनी विनवलं. जवान आले ते वर्गणीदार शेजाऱ्याच्या शेतासाठी, आणि समोर घर जळताना पाहत उभे राहिले. देशभर छी-थू झाली. पुढे शहराने नियम बदलला : आधी विझवायचं, मग वर्गणी न भरणाऱ्याला जबर फी लावायची. निर्दयपणाच तो. पण मला हेवा वाटतो त्या लोकांचा. त्यांना आगीआधी भरता येईल असा एक आकडा तरी माहीत होता!

आपल्यावर सगळा राग काढणंही बरोबर नाही. त्या रात्री आलेल्या बंबावर तिघं होते. एकाच्या पायात साधी चप्पल होती आणि तो जळत्या पत्र्यांवरून पाइप ओढत होता. कंत्राटी आहे म्हणाला. एकुलता एक बंब आमच्याकडे असताना बाजारपेठेत दुकान पेटलं असतं तर व्यापाऱ्यांनी आपल्यालाच धारेवर धरलं असतं, आणि का धरू नये? कर त्यांचा. पण 1944 च्या 14 एप्रिलला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, तेव्हा गोदी पोर्ट ट्रस्टची होती आणि बंब महापालिकेचे. अग्निशमन दलाचे 66 जवान तिथे गेले ते परतले नाहीत. त्यांच्या नावाने आपण दरवर्षी सप्ताह पाळता, शाळेतल्या पोरांना बादलीभर वाळू दाखवता. त्या सप्ताहात एकदा आपल्या फोनवरच्या माणसालाही ही हकीकत सांगा.

तेव्हा विनंती अशी. जिल्हा नियोजन समितीसमोर हा विषय न्या. आसपासच्या गावांच्या पट्टीत आगीची एक ओळ घाला, ते पैसे थेट आपल्या अग्निशमन केंद्राकडे वळवा, त्यातून दुसरा बंब घ्या आणि त्या पोराला बूट घ्या. ग्रामसभेत ठराव करून घ्यायचं काम माझ्याकडे. आणि ते होईपर्यंत पावतीतला पाण्याचा रकाना तेवढा खोडून पाठवा. बाकीचे पैसे अण्णा भरणार आहेत.

कळावे,
आपला,
पुलापलीकडचा एक रहिवासी