नेटवाले भाऊ

तेलगावच्या चौकात बीड-परळी आणि माजलगाव-धारूर असे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. तिथं चहाच्या टपरीपुढं मोटारसायकल लावून, कपात बिस्किट बुडवत फोनवर कुणी ‘निघालोय, पाचच मिनिटांत आलो’ म्हणत असेल, तर तो नेटवाला समजावा. गाव त्यांना भाऊ म्हणतं आणि त्यांची पाच मिनिटं गृहीतच धरत नाही.

भाऊ मूळचे केबलवाले. मॅचच्या दिवशी शिव्या खायची सवय तेव्हापासूनची. ३१ मार्च २०१७ ही ग्रामीण भागात डिजिटल केबलची शेवटची मुदत होती. सेटटॉप बॉक्स आले, मग पोरं मोबाइलवरच सगळं पाहू लागली आणि भाऊंनी जाड काळी वायर गुंडाळून काचेचा धागा हाती घेतला. आता पाठीवर सॅक असते. तिच्यात पॉवर मीटर, लाल उजेडाचा पेन, फायबर कापायचं क्लीव्हर आणि हिरव्या टोकाच्या पॅचकॉर्डची वेटोळी. शिडी मात्र ज्याचं काम त्याच्याच घरची.

पूर्ण बंद पडलेल्या नेटवर भाऊंचा जीव आहे. घरातल्या नेटच्या डब्यावर लाल दिवा लागला, म्हणजे वायर तुटली. हंगामात सुंदरनगरच्या कारखान्याकडं निघालेली उसाची उंच ट्रॉली लोंबती वायर सोबत घेऊन जाते. भाऊ जागा शोधतात, जोड मारतात, मोकळे होतात. खरा ताप ‘सारखं जातंय-येतंय’ म्हणणाऱ्याचा. कारण भाऊंनी उंबऱ्यात पाय ठेवला, की नेट पळायला लागतं.

“आता चाललंय बघा,” काकू म्हणतात. “तुम्ही इथंच ऱ्हावा की.”

फोनवरची तपासणी म्हणजे तर साक्षीपुरावाच.

“भाऊ, नेट गेलंय.”

“कवा गेलं?”

“आत्ताच. म्हंजी सकाळच्यालाच.”

“लाइट कंचा लागलाय?”

“लाइटच न्हाई.”

“डब्यावर?”

“गावात.”

म्हणून भाऊ डब्याआधी घराची चौकशी करतात. नेट जातं तेव्हा घरात काय चालू असतं? एकाकडं बोअरची मोटार सुरू झाली, की व्होल्टेज पडायचं आणि राउटर दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. दुसऱ्याकडं रोज दुपारीच नेट जायचं. भाऊंनी उजेड मोजायचा मीटर लावला, उणे २१. सगळं ठीक. तेवढ्यात आजींनी झोपायला म्हणून खोलीचं दार ओढलं आणि आकडा उणे ३०वर गेला. उणे २७च्या खाली डब्याला नीट दिसत नाही. भाऊंनी वायरीत लाल उजेड सोडला, तर बिजागरीपाशी दाबलेल्या वळणातून तो बाहेर सांडत होता. फायबर तुटली नव्हती, फक्त दुमडत होती. आजींची झोप आणि नातवाचा गेम यांचं वैर असं उघडकीला आलं.

पण भाऊंची खरी कसोटी लागते एकाच गल्लीतून पंधरा-वीस फोन आल्यावर. एका फायबरवर स्प्लिटर बसवून ३२ घरं जोडलेली असतात. वरून येणारा उजेड सगळ्यांना सारखाच मिळतो. परत बोलताना मात्र प्रत्येक डब्यानं आपली पाळी येईल तेव्हाच उजेड पाडायचा, तोही सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरता. त्यात एखादा डबा बिघडला आणि ग्रामसभेत माइक न सोडणाऱ्या सदस्यासारखा पाळी नसताना उजेड पाडत बसला, की बाकीच्यांचं काही ऐकू येत नाही. कुणाचंही, कधीही, कसंही तुटतं. नवखा पोरगा अशा वेळी तक्रारवाल्यांच्या घरोघर फिरून त्यांचे चांगले डबे बदलत सुटतो.

भाऊंचा नियम उलटा आहे. “ज्याचा फोन आला न्हाई, आधी तिथं बघ.”

कारण गोंधळ घालणाऱ्या डब्याचं स्वतःचं नेट कधीकधी ठणठणीत चालतं. भाऊ खांबावरच्या पेटीशी चढतात, एकेक जोड काढतात, थांबतात, पुन्हा लावतात. खाली पोरगा फोनवर शिव्या झेलत असतो. एक जोड काढताच बाकीची सगळी घरं स्थिर होतात. चोर सापडला. भाऊ नवा डबा घेऊन त्या दारात जातात.

“आमचं झकास चालतंय,” गुरुजी म्हणतात. “चांगला डबा उगं काढता कशाला?”

“गुरुजी, तुमचंच चालतंय, म्हणून तर आलो.”

गुरुजींना हे पटत नाही. गल्लीला तर वेगळंच पटलेलं असतं, की महिनाअखेर आली म्हणून रिचार्जसाठी भाऊंनीच नेट बंद ठेवलं होतं. भाऊ वाद घालत नाहीत.

त्यानंतर आठवडाभर कुणाचाच फोन येत नाही. दुसऱ्या कुणाला यानं बरं वाटलं असतं. पण भाऊंनी उभा धंदा गप्प गिऱ्हाइकावर संशय घेऊन केलेला. न राहवून ते स्वतःच एकेकाला फोन लावतात, “चालू हाय ना नेट?”

पलीकडून उत्तर येतं, “चालू हाय की. पण लई स्लो हाय.”

मग भाऊंच्या जिवाला बरं वाटतं.