शेळ्यांनी सांगितलं होतं

जावयाने "बाबा, उद्या गोल्फला येणार का?" असं विचारलं, तेव्हा लेकीने त्याच्याकडे कसं पाहिलं ते मला दिसलं होतं. पण मी लहानपणी विटीदांडूत उडती विटी टोलवलेला माणूस. इथे तर चेंडू बिचारा जागचा हलतही नाही!

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीत लाहिंच हे गाव. तिथला गोल्फ क्लब 1892 सालचा. एकीकडे अटलांटिक, दुसरीकडे गवत माजलेल्या वाळूच्या टेकड्या, आणि क्लबच्या इमारतीला बिलगून उभ्या असलेल्या शेळ्या. मी हौसेने त्यांचे फोटो काढले. पाऊस यायचा असला की त्या टेकड्या सोडून इमारतीच्या आसऱ्याला येतात आणि इथले लोक त्यांच्याकडे बघूनच हवामान ठरवतात, ही माहिती मला चिंब भिजल्यावर मिळाली. आमचे यजमान, जावयाच्या मित्राचे वडील, घरूनच रेनकोट घालून आले होते. मला वाटलं, वय झालंय.

पहिल्यांदा काठी फिरवली. चेंडू होता तिथेच. "सराव छान झाला," यजमान म्हणाले. दुसऱ्यांदा मूठभर गवत उडालं. "वाऱ्याने घात केला हो!" पुण्यात एव्हाना कोणीतरी "जमत नसेल तर बाजूला व्हा" म्हणून माझी सुटका केली असती. या लोकांचा चांगुलपणा मात्र निर्दयी. मागून आलेल्या चौघांना आम्ही पुढे जाऊ दिलं, तर जाता जाता तेही मला शाबासकी देऊन गेले.

चौथ्या होलचं नाव क्लोंडाइक. वाटेत भलीमोठी टेकडी, पलीकडून अठराव्या होलची वाट आडवी जाते. म्हणून वर एक माणूस बसवलेला असतो. पलीकडे कोणी नाही असं पाहून तो खूण करतो. त्याने खूण केली. माझा चेंडू चार पावलं गेला. त्याने पुन्हा खूण केली. तो मला खूण करत राहिला आणि मी त्याला कामात गुंतवून ठेवलं.

पाचवं, डेल, तर खास माझ्यासाठीच बांधलेलं. ध्वज दोन टेकड्यांच्या बेचक्यात लपलेला. समोरच्या उतारावरचा पांढरा दगड बघून नेम धरायचा. ओल्ड टॉम मॉरिसने हे मैदान 1894 साली आखलं, अ‍ॅलिस्टर मॅकेंझीने 1927 साली ते बरंच बदललं, पण या दोन होलना त्यानेही हात लावला नाही. आणि इथे चेंडू कुठे पडला हे कोणालाच दिसत नाही! मी डोळे मिटून मारला. यजमान लगबगीने टेकडीपलीकडे गेले आणि ओरडले, "सापडला! ध्वजाच्या अगदी जवळ!"

जाऊन पाहतो तर पांढराशुभ्र चेंडू. माझा पिवळा होता.

मी जावयाकडे पाहिलं. तो समुद्राकडे पाहत होता. मी यजमानांचे मनापासून आभार मानले आणि तो चेंडू टोलवला. तोही गवतात गेला.

"वारा!" यजमान म्हणाले.