पॅरिस ते बार्सिलोना व्हाया डायनिंग टेबल

(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर चार खुर्च्या, दोन पुढे, दोन मागे. बाजूच्या डायनिंग टेबलावर फ्रान्स-स्पेनचा नकाशा, चार कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या. नट येतो, पुढच्या उजव्या खुर्चीत ऐटीत बसतो, दोन्ही हात पुढे करतो. हवेत काहीच सापडत नाही. उठतो. डाव्या खुर्चीत बसतो. मांडीखालून स्टीलचं ताट काढतो आणि स्टिअरिंगसारखं धरतो.)

बेल्ट लावा. मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा! फ्रान्समध्ये मागे बसणाऱ्यालाही बेल्टची सक्ती आहे. पास घेऊन आलेल्यांनाही.

आमच्या घरात सध्या युरोपची रंगीत तालीम चालू आहे. पॅरिसला विमानातून उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि बार्सिलोनाला पोचायचं. मी स्टिअरिंगवर. शेजारी बायको, तिच्या मांडीवर नकाशा. मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर डबा. आणि त्यांच्या शेजारी माझा मेहुणा. त्याच्या मांडीवर काही नाही, सगळं तोंडात.

हा मेहुणा पूर्वी एकदा टूरच्या बसने युरोप करून आलाय. त्यामुळे त्याला तिथले सगळे रस्ते पाठ. झोपेतसुद्धा सांगेल. बसमध्ये तो झोपलाच होता.

(मागे वळून, मेहुण्याच्या आवाजात) "दाजी, पॅरिस-बार्सिलोना म्हणजे हजाराच्या थोडं वर. हायवेला ताशी १३०. करा भागाकार. आठ तास! सकाळी निघायचं, रात्री जेवायला स्पेन."

(स्वतः) अरे, पाऊस आला की त्या १३० चे ११० होतात. हायवे सोडला की बहुतेक ठिकाणी ८०. गावात ५०. पुढे स्पेनमध्ये हायवेला १२०, आणि शहरात एकेका लेनचा रस्ता असला तर ३०. शिवाय तुझी आई दर तासाला उतरणार!

(सासूबाई, शांतपणे) "मी उतरत नाही हो, जावईबापू. मला उतरवतात. गुडघे."

त्याची सोय आहे तिथे. फ्रान्सच्या हायवेला थोड्या थोड्या अंतरावर थांबे आहेत. झाडं, बाकं, स्वच्छतागृह. काही ठिकाणी तर पंप नाही, दुकान नाही, नुसतीच सावली. सासूबाईंनी नकाशावरच्या त्या प्रत्येक थांब्याला पेन्सिलने गोल केलाय. आता नकाशावर फ्रान्स दिसत नाही, गोल दिसतात.

तर, निघू या. (ताट फिरवतो.) पहिला गिअर. (डावा हात खाली जातो, हवेत चाचपडतो.) इथे गिअर नाही. इथे दार आहे. गिअर उजव्या हाताला. तीस वर्षं डाव्या हाताने गिअर टाकलेला माणूस मी. तिसरा टाकायला जातो आणि काच खाली येते! वळायचं म्हणून इंडिकेटर द्यावा, तर वायपर सुरू. लखलखीत ऊन, आणि आमची गाडी काच पुसत चालली आहे.

बायको म्हणाली, "अहो, ऑटोमॅटिक घ्या ना." घेतो. पण तिकडे भाड्याची गाडी सहसा गिअरवालीच मिळते, ऑटोमॅटिकला जास्त पैसे. मी फरक मोजला. तेवढ्या पैशांत सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांना... (मागे बघतो) ...कॅप आल्या असत्या, एवढंच म्हणत होतो.

(पुन्हा ताट धरून) आता महत्त्वाचं. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. गोल चौकात घड्याळाच्या उलट फिरायचं. आणि त्याहून मोठा नियम: जिथे पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. म्हणजे तुम्ही मोठ्या रस्त्याने रुबाबात चालला आहात, उजवीकडच्या बोळातून ट्रॅक्टर आला, तर तुम्ही थांबायचं. ट्रॅक्टर जाणार.

मेहुणा खवळला. "हा काय अन्याय, दाजी! बोळातला माणूस आधी?"

अरे, बोळातला माणूस आपल्याकडेही आधीच घुसतो. तिथे त्याला कागदपत्रं करून दिली आहेत, इतकंच.

(ताट थांबवतो. काच खाली केल्याचा अभिनय.) टोलनाका आला. अंतरानुसार टोल. आत शिरताना तिकीट, बाहेर पडताना पैसे. काही लेनवर नुसता 't' लिहिलेला असतो. तिथे फक्त टॅगवाल्यांनी जायचं. आपण चुकून शिरलो तर मागे यायचं नाही. मागे फ्रेंच माणूस असतो, आणि त्याला सुट्टीवर जायचं असतं.

पण मी तुम्हाला पुढची गंमत सांगतो. कातालुन्यातले एपी-७ आणि एपी-२ हे हायवे, बार्सिलोनाच्या बाजूचे. वर्षानुवर्षं टोल होता. २०२१ मध्ये कंत्राटाची मुदत संपली आणि टोल... (थांबतो. प्रेक्षकांकडे बघतो. प्रत्येक शब्द सुटा.) बंद. झाला.

(रुमालाने डोळे टिपतो.)

मुदत संपली म्हणून! बंद! हे वाचल्यावर मेहुणा अर्धा तास गप्प होता. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी म्हटलं, आपण साग्रादा फमिलिया चर्च बघितलं नाही तरी चालेल, पण त्या बंद नाक्याशी उभं राहून फोटो काढायचाच.

(उठतो. टेबलाशी जातो. नकाशावर बोट ठेवतो.)

आता मार्ग. इथून घरात दोन पक्ष पडले. बायको फ्रान्स पक्षाची. तिला लुआर नदीकाठचे वाडे बघायचे आहेत. त्यातही शाँबोर. राजा पहिला फ्रान्स्वा, त्याने सोळाव्या शतकात शिकारीसाठी बांधला. आपल्याकडे शिकारीला मचाण बांधतात, याने शेकडो खोल्या बांधल्या. आणि मधोमध एक जिना. जिना म्हणजे दोन जिने, एकमेकांभोवती गुंडाळलेले. एकातून एक माणूस चढतो, दुसऱ्यातून दुसरा उतरतो, मधल्या झरोक्यातून दोघं एकमेकांना दिसतात, पण जिन्यात समोरासमोर येत नाहीत.

मी विचारलं, "तुला नेमका तोच जिना का बघायचाय?"

(बायको, नकाशातून मान वर न काढता) "मापं घ्यायला."

मेहुणा स्पेन पक्षाचा. "दाजी, खरी मजा स्पेनमध्ये. सान सेबास्तियानला बारच्या काउंटरवर खाणं मांडलेलं असतं. पावाचा तुकडा, वर काहीतरी, मधून काडी खोचलेली. पिंचो! कित्येक ठिकाणी शेवटी काड्या मोजून बिल करतात."

बायको म्हणाली, "दादा, तुझ्या काड्या मोजायला कोण बसणार? आयुष्यभर करतोयस!"

तिसरा पक्ष सासूबाईंचा. एकच प्रश्न: "जेवायचं काय आणि किती वाजता?"

आणि खरं सांगतो, सगळी अक्कल या प्रश्नात आहे. फ्रान्समध्ये दुपारचं जेवण बारा ते दोन. सव्वादोनला गावातल्या हॉटेलात गेलात तर मालक तुमच्याकडे असा बघतो, (भुवई उंचावून, दुःखाने मान हलवतो) की आपणच त्याची माफी मागून बाहेर पडतो. सीमा ओलांडून स्पेनमध्ये शिरलात की दोनला तिथे कुणी नुकतं बसतंय. रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. घड्याळ दोन्हीकडे सारखंच! स्पेनने १९४० साली घड्याळ तासाने पुढे केलं, जर्मनीच्या बरोबर, ते अजून तिथेच आहे. घड्याळ हललं, सूर्य हलला नाही. उन्हाळ्यात रात्री साडेनऊलाही उजेड.

मला वाटलं, सासूबाई स्पेनला नाट लावणार. त्यांनी पंचांग काढलं. बोटं मोजली.

(सासूबाई) "मध्ये संकष्टी येते. उन्हाळ्यात चंद्र उगवायला अकरा वाजतील. तुमच्या फ्रान्समध्ये तोवर भांडी घासून झालेली असतात. जावईबापू, उपास सोडायला स्पेनच बरा."

मेहुण्याने टाळी वाजवली. एक मत फुटलं!

पण त्या शाकाहारी. मी मेनू समजावला. "आई, मिक्स सॅलड मागवलंत तर वर टूना मासा येण्याचा संभव. भाजी मागवलीत तर तीत हॅमचे तुकडे निघू शकतात."

"भाजीत?"

"चवीला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नकाशाकडे पाहिलं. आणि उठून बॅगेत मेतकूट भरायला घेतलं.

(नकाशावर वाकून, हळू आवाजात) आता सीमा. इथे बिदासोआ नावाची नदी. अलीकडे फ्रान्स, पलीकडे स्पेन, मधे एक इवलंसं बेट. फेझंट आयलंड. माणूस राहत नाही. या बेटावर १६५९ साली दोन्ही देशांनी तह केला. पण हे बेट कुणाचं? सहा महिने स्पेनचं, सहा महिने फ्रान्सचं! फेब्रुवारी ते जुलै स्पेनकडे, ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सकडे. म्हातारी आई दोन भावांनी वाटून घ्यावी, तसं. फरक एवढाच, की तिथे मुदत संपल्यावर दोघंही वेळेवर येतात.

(सरळ होतो. मागच्या खुर्च्यांकडे बघतो. घसा खाकरतो.) हे मी सासूबाईंसमोर बोललो नाही.

मग आला व्हिसा. शेंगेन एकच, दोन्ही देशांना चालतो. पण अर्ज कुणाकडे? ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे. रात्री समान असतील, तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार, त्याच्याकडे. आमच्या डायनिंग टेबलावर रात्रींची वाटणी सुरू झाली! बायको लुआरला एक रात्र वाढवते, मेहुणा लगेच सारागोसाला एक वाढवतो. रजा माझी! रजेचा अर्ज मी लिहायचा, आणि रात्री हे वाढवतायत! त्यात तीस हजार युरोचा विमा, बँकेचे उतारे, हॉटेलची बुकिंग, आरटीओकडून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना. कागदांची चळत बघून वाटलं, गाडी नको, टेम्पो सांगू.

(खुर्चीत येऊन कोसळतो.) रात्री अकरा. पॅरिस आहे, शाँबोर आहे, बोर्दो आहे, सान सेबास्तियान आहे, सारागोसा आहे, बार्सिलोना आहे. कुणी काही सोडायला तयार नाही. आणि इतका वेळ वाती वळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या,

(वात वळत) "गाडी परत कोण आणणार?"

(दीर्घ शांतता. नट हळूहळू ताट खाली ठेवतो.)

गाडी पॅरिसला घ्यायची आणि बार्सिलोनाला सोडायची. दुसऱ्या देशात गाडी सोडली की वेगळा आकार. मी चौकशी केली. आकडा ऐकला. पुन्हा विचारला. मला वाटलं, गाडी विकत देतायत.

सासूबाईंनी पेन्सिल घेतली. आधीच्या गोलांमधून एक मोठा गोल काढला.

(सासूबाई, नकाशावर बोट फिरवत) "पॅरिसात गाडी हवी कशाला? पाय आहेत, मेट्रो आहे. तिथून बोर्दोला आगगाडी." बरोबर! २०१७ पासून नवी लाइन आहे, दोन तासांच्या थोडं वर. "गाडी बोर्दोला घ्या. खाली सान सेबास्तियान. मग पाम्प्लोना. मग हाका नावाचं गाव. डोंगरातून परत वर, आणि गाडी बोर्दोलाच द्या." पिरेनीजमध्ये सोम्पोरचा बोगदा आहे, साडेआठ किलोमीटरहून लांब. एका तोंडातून स्पेन शिरतो, दुसऱ्यातून फ्रान्स निघतो. गाडी जिथली तिथे. रात्री फ्रान्सच्या जास्त, म्हणजे व्हिसाही सुटला. संकष्टी स्पेनमध्ये बसवली.

हिचा जिना गेला. मेहुण्याचं बार्सिलोना गेलं. माझा बंद टोलनाका गेला. तिघंही सारखेच नाराज, म्हणजे बेत पक्का! एवढे दिवस आम्ही काय काय बघायचं ते लिहीत होतो. म्हातारीने काय काय खोडायचं ते सांगितलं आणि पाच मिनिटांत सहल तयार.

राहिली तारीख. फ्रान्समध्ये रस्त्यांवरच्या गर्दीचं भाकीत सांगणारी सरकारी सेवा आहे, बिझाँ फ्युते. १९७६ पासून. दिवसाला रंग देतात. हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा. जुलै संपून ऑगस्ट लागतो, त्या सुमाराच्या शनिवारी जुलैवाले घरी परततात, ऑगस्टवाले घराबाहेर पडतात, आणि दक्षिणेचा अख्खा हायवे काळा होतो. आम्ही तो आठवडाच टाळला.

पण मेहुणा हटेना. "दाजी, मी बार्सिलोना सोडणार नाही. पॅरिसहून! बाय रोड! हजार किलोमीटर, आठ तास!"

म्हटलं, जा. वेगळी गाडी घे. नाहीतरी चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा एका गाडीत मावत नव्हत्या. त्याची तारीखही मीच काढून दिली. ऑगस्टचा पहिला शनिवार.

बायको रडवेली झाली. "अहो, एवढ्या लांब दादा एकटा कसा जाईल?"

(ताट उचलतो, प्रसन्नपणे स्टिअरिंग धरतो.)

एकटा कसा? त्या दिवशी अख्खा फ्रान्स असतो की त्याच्या पुढे!

(हॉर्न वाजवतो. एका हॉर्नमागून शेकडो हॉर्न. अंधार.)